सरकारी वेल्डर व्हायचंय? मग हात थोडा बिघडवून घ्या

आयटीआयला वर्षभराचा वेल्डर ट्रेड केलात, अप्रेंटिसशिप झाली, ट्रेड टेस्टला प्लेट उभी लावून थ्रीजीचा जोड मारला, डोक्यावर लावून फोरजीचा मारला, साहेबांनी तुकडा प्रेसमध्ये वाकवून बघितला आणि तडा गेला नाही, झालं, लागलात. अभिनंदन! पेढे वाटा. रेल्वे असेल तर टेक्निशियन ग्रेड थ्री, लेव्हल २, बेसिक १९,९०० एवढं बायोडेटात टाका, मुलीकडचे पुढचं काही विचारत नाहीत. आता आत गेल्यावर कसं वागायचं ते सांगतो, कारण आयटीआयत हे शिकवत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं, हात चांगला आहे हे कुणाला कळू देऊ नका. शॉपमध्ये वेल्डर ढीगभर असतात पण एक्स-रेला जाणारा जॉइंट आला, किंवा टाकीच्या आत शिरून पाठीवर झोपून वरचा शिवण मारायचा असला आणि ठिणग्या कॉलरमधून आत जायच्या असल्या, की फोरमन एकाच माणसाला शोधत कँटीनपर्यंत येतो. या माणसाला जास्तीचं काय मिळतं? काम मिळतं की! इन्क्रिमेंट वर्षाला ३ टक्के, ज्याचा बीड, म्हणजे वेल्डची रेघ, एकसारखा सुबक त्यालाही आणि जो गोवऱ्या थापल्यागत मारतो त्यालाही. प्रमोशन सेवाज्येष्ठतेनं, आणि ते मिळालं की हातातला होल्डर काढून घेऊन हजेरीचं रजिस्टर देतात. तेव्हा पहिल्याच महिन्यात दोन-चार ठिकाणी झकास अंडरकट मारा, म्हणजे जोडाच्या कडेला खाच पाडा, थोडी पोरोसिटी, म्हणजे बुडबुड्यांची भोकं, सोडा, स्लॅगची खपली न झाडता वरून दुसरा रन, म्हणजे थर, ओढा. "याच्याकडं नको रे बाबा" असं एकदा साहेबांच्या तोंडून निघालं की तुम्हाला बाकं आणि गटाराच्या जाळ्या देतील, आणि तीसेक वर्षं निवांत.

बरं तरीही कुणी चांगलं काम करायचंच म्हणालं तर स्टोअर आहेच. सेवन्टी-एटीन म्हणजे ७०१८ चा लो हायड्रोजन रॉड, पाकीट फुटलं की कोटिंग हवेतली ओल पितं, म्हणून वापरायच्या आधी ३०० ते ३५० डिग्रीला तासभर तरी भाजायचा असतो. नाही भाजला तर ओलीतला हायड्रोजन जॉइंटमध्ये उतरतो आणि तडा जातो, पण गंमत म्हणजे लगेच नाही, कधीकधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जातो. घाबरू नका, तोपर्यंत इन्स्पेक्शनची सही झालेली असते. रॉडचा ओव्हन शॉपमध्ये आहे, नाही असं नाही, पण त्यात साडेअकरापासून डबे लागतात आणि थर्मोस्टॅट वरणभाताच्या बेतानं लावलेला असतो. भेंडी कोरडी राहते, रॉड ओलाच. तक्रार मात्र लेखी देऊ नका, माल टेंडरमध्ये एल-वन आलेला असतो, म्हणजे सगळ्यात स्वस्त, म्हणजे त्यात दोष असूच शकत नाही, दोष तुमच्या हातात. आणि हो, जळक्या रॉडची थोटकं जिवापाड जपा. जॉइंट फुटला तर चौकशी समिती बसेपर्यंत वर्ष जातं, थोटकं दोन कमी भरली तर मेमो त्याच संध्याकाळी.

तब्येतीची काळजी घेतली जाते. ४ मार्चला सुरक्षा दिन असतो, त्या दिवशी नवं कोरं लेदर जॅकेट घालून फोटो काढायचा आणि जॅकेट परत करायचं, पुढच्या वर्षी लागतं. वेल्डिंगच्या धुराला २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं ग्रुप १ मध्ये टाकलं, म्हणजे कॅन्सर होतो यात शंका नाही अशांच्या यादीत, तंबाखूच्या पंगतीला. आपल्याकडं त्यावर गूळ देतात. धूर ओढणारा पंखा आहे, बेल्टचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, गेलेला आहे. रात्री आर्कचा उजेड लागून डोळ्यात वाळू ओतल्यासारखं झालं तर बटाट्याच्या चकत्या ठेवा आणि सकाळी लाल डोळ्यांनी गेटवर जा, वॉचमन काय समजायचं ते समजतो.

शेजारी कंत्राटी पोरगा असेल. आयटीआय तेच, रॉड तोच, फक्त गेटपासचा रंग वेगळा आणि पगार तुमच्या निम्मा पण नाही. खरं काम तो करतो, जॉबकार्डवर नंबर तुमचा पडतो. समान कामाला समान वेतन, हंगामी असला तरी, असं सुप्रीम कोर्ट २०१६ ला म्हणालंय, पण हा हंगामी नाही, हा कंत्राटदाराचा माणूस, हा बारीक फरक साहेब तुम्हाला चहा पाजून समजावतील. चहा प्या.

एवढं सगळं सांभाळूनही एखाद दिवशी हात चांगला असल्याचं फुटतंच. मग बंगल्यावरून फोन येतो, साहेबांना बाल्कनीत झोपाळा हवाय, स्क्रॅपमध्ये पाइप पडलेत ना? या कामाला जॉबकार्ड नाही, इंडेंट नाही, रॉडची थोटकं कुणी मोजत नाही. तेव्हा त्या दिवशी ओव्हनमधले डबे बाहेर काढा, काटा साडेतीनशेवर न्या, ७०१८ तासभर नीट भाजून घ्या आणि प्रत्येक रन झाडून-घासून मगच पुढचा मारा. झोपाळ्यावर साहेबांची नात बसणार आहे.