लोगो व्हॉट्सॲपवर पाठवलाय, ब्रोशर उद्या पाहिजे!

पुरे झालं आता! ब्रोशर छापायचं म्हटलं की लोगो येतो व्हॉट्सॲपवर, तोही फोटो म्हणून. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, हे अजून किती वर्षं सांगायचं? छपाईला 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) लागतं. म्हणजे चार इंच रुंद फोटोला 1200 पिक्सेल. तेवढे नसतील तर कडा फाटलेल्या दिसणारच. मग ओरड कोणाच्या नावाने? प्रेसच्या! निदान डॉक्युमेंट म्हणून तरी पाठवा.

मजकुराची तर दैनाच. श्रीलिपीत (मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाइप करायचं आणि अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टशिवाय दिसणाऱ्या आकारांत, न बदलताच फाइल पुढे ढकलायची. तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या मशीनवर उघडली की 'मिठाई'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा सडा.

आणि ए-फोर कागद दोनदा दुमडून केलेल्या तीन पानी ब्रोशरला तिन्ही पानं 99 मिलिमीटरची कशी चालतील? आत दुमडणारं पान 97 हवं, बाकीची दोन 100. नाहीतर ते आत अडतं, फुगतं, ब्रोशर नीट मिटतच नाही. त्यात 170 जीएसएमच्या (चौरस मीटरला 170 ग्रॅम, म्हणजे जाडसर) कागदाला क्रीजिंग, म्हणजे घडीची रेघ आधी दाबून घेणं, नको म्हणे, खर्च वाढतो! घडीवर गडद रंग असला की शाई तडकून पांढरी रेघ उमटते. गिऱ्हाइकाला पहिली तीच दिसते.

प्रूफ (छपाईआधी तपासायचा नमुना) दिलं की न वाचता 'ओके'. गठ्ठे बांधून झाल्यावर कळतं, फोन नंबरात नऊच आकडे! आता हजार प्रतींवर स्टिकर कोण चिकटवणार? प्रूफवरचा नंबर बघून एकदा स्वतः फोन लावायला काय जातं?