काळा पडदा टाकून जग बदलत नाही

‘व्हीआरमध्ये एका जगातून दुसऱ्या जगात न्यायचं तर दोन सेकंद काळा पडदा टाका, बस्स!’ अशी एक पोस्ट सध्या जो तो पुढे ढकलतोय. (व्हीआर म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून अनुभवायचं आभासी जग.) तिच्यात दावे तीन. मळमळ हे जुन्या हेडसेटचं दुखणं होतं. सिनेमातला कट इथेही चालतो. आणि दारं, बोगदे, गोळे हे सगळे डिझायनरचे नखरे.

आधी मळमळ. हेडसेट सुधारले, हे कबूल. २०१३च्या ऑक्युलस डीके१ या हेडसेटमध्ये एका डोळ्यासमोर ६४०×८०० पिक्सेल होते, वेग ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं. नंतरच्या क्वेस्ट ३मध्ये २०६४×२२०८ आहेत आणि वेग १२० हर्ट्झपर्यंत जातो. मान वळवल्यावर चित्र मागून फरफटत यायचं, त्याने होणारा त्रास बराच कमी झाला. पण जॉयस्टिक पुढे दाबली की डोळे म्हणतात ‘चाललो’ आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव म्हणतो ‘कुठे? जागेवरच तर आहे.’ हे भांडण पडद्याच्या दर्जामुळे होत नाही. स्टेशनात शेजारची लोकल सुटते आणि क्षणभर आपलीच निघाली असं वाटतं. त्या खिडकीबाहेरच्या दृश्याचं रिझोल्यूशन कमी होतं का? म्हणूनच २०१६च्या गुगल अर्थ व्हीआरमध्ये उडताना दृश्याच्या कडा झाकून मधलं तेवढंच उघडं ठेवलं. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठात फर्नांडिस आणि फायनर यांनी हालचालीच्या वेळी दृश्य हळूच अरुंद करून पाहिलं, तर त्रास कमी झाला आणि बहुतेकांना तो बदल जाणवलाही नाही. पडदा तोच होता, फक्त मांडणी बदलली होती.

दुसरा दावा कटचा. सिनेमात चौकट दिग्दर्शक ठरवतो आणि आपण खुर्चीतच असतो. व्हीआरमध्ये चौकट प्रेक्षकाच्या मानेवर असते. तुम्ही कट मारला तेव्हा तो मागे वळून बघत असेल, तर तुमचं नवं भव्य जग त्याच्यासाठी एका भिंतीने सुरू होतं. एका ठिकाणाहून दुसरीकडे झटक्यात उडी मारली की दिशेचं भान सुटतं, हे बोमन आणि सहकारी संशोधकांनी १९९७मध्येच दाखवलं होतं. काळी झापड निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’ या व्हीआर गेममधली ‘ब्लिंक’ चाल तीच आहे आणि छान चालते, कारण कुठे जायचं ते खेळणाऱ्याने आधी स्वतः नेम धरून ठरवलेलं असतं. ‘बजेट कट्स’ हा गेम त्याच्याही पुढे गेला. नेम मारला की एक छोटी खिडकी उघडते, पलीकडे कोण उभं आहे ते डोकावून बघायचं आणि मगच जायचं. नाव ‘टेलिपोर्ट’ (क्षणात दुसरीकडे पोचणं), पण प्रत्यक्षात ते उंबरठ्यावर थांबणं आहे.

म्हणजे नखऱ्यांचा दावा इथेच निम्मा ढासळला. उरलेल्यासाठी व्हॉल्व्ह कंपनीचा ‘द लॅब’ (२०१६) हा गेम बघा. जगं गोळ्यांत भरलेली असतात. गोळा उचलून तोंडाशी आणला की आपण आत. ‘जॉब सिम्युलेटर’ या गेममध्ये बाहेर पडायचं तर चक्क बरिटो (मेक्सिकन रोल) खायचा! (पहिल्यांदा केलं तेव्हा मी खरंच तोंड उघडलं होतं.) दोन्हीकडे जग बदलतं ते आपल्या हाताच्या कृतीने, त्यामुळे शरीराला आधीच कल्पना असते. २००९मध्ये स्टाइनिके आणि सहकाऱ्यांनी लोकांना आधी ते उभे होते त्याच खोलीची आभासी प्रतिकृती दाखवली आणि तिथून दारातून पुढच्या जगात नेलं. ‘आपण खरंच तिथे आहोत’ ही भावना वाढलेली आढळली.

‘लिफ्ट आणि बोगदे लोडिंग (पुढचं जग तयार व्हायला लागणारा वेळ) लपवायला असतात’ असंही पोस्टमध्ये आहे. असतात की! लपवू देत, तेवढ्या वेळात माणूस पुढच्या जागेची तयारी करतो. पोस्टमधल्या एका वाक्याशी मात्र मी सहमत आहे: लखलखणाऱ्या निळ्या वर्तुळाकार पोर्टलचा, म्हणजे दुसऱ्या जगात नेणाऱ्या दाराचा, आता खरोखर कंटाळा आलाय.