माशात सात, माणसात चार: मग उत्क्रांती खोटी कशी?

आधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, मग माझ्या बारावीच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर, आणि रात्री सिडकोतल्या नणंदेकडून, असा एकच मेसेज दिवसभरात तीनदा आला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: शरीराची आखणी करणाऱ्या हॉक्स जनुकांचे माणसात 4 समूह, पण झेब्राफिशसारख्या बोटभर माशात 7. उत्क्रांती साध्याकडून गुंतागुंतीकडे जाते म्हणतात, मग मासा आपल्या पुढे कसा? शिवाय एकाच जनुकाच्या जादा प्रती निरुपयोगी. आणि त्या आपोआप वाढताना कुणी पाहिल्यात?

नाशिकमध्ये बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवतेय. मुलांनी हा मेसेज खरा मानून पुढे पाठवला, याचं मला वाईट वाटलं.

आकडे बरोबर आहेत. झेब्राफिशमधले सात समूह 1998 साली प्रसिद्ध झाले. माणसात 39 हॉक्स जनुकं 2, 7, 12 आणि 17 या गुणसूत्रांवर रांगेत बसलेली आहेत. रांगेच्या एका टोकाची जनुकं डोक्याकडच्या भागांसाठी, दुसऱ्या टोकाची शेपटीकडच्या. गर्भात हा क्रम उमटत जातो, तो शिकवताना मला आजही नवल वाटतं.

पण जनुकं मोजून कुणाचा नंबर लावावा, असं उत्क्रांतीचा सिद्धांत सांगत नाही. लासलगावच्या बाजारातल्या कांद्याच्या एका पेशीत माणसाच्या सुमारे पाचपट डीएनए असतो. तेवढ्यावरून कांदा आपल्या पुढेही जात नाही आणि मागेही पडत नाही.

खरी गंमत सात या आकड्यात आहे. तो सात का, आठ का नाही? आजच्या बहुतेक माशांच्या, म्हणजे टेलिओस्ट गटाच्या, पूर्वजात 30 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी सगळा जीनोम, म्हणजे पेशीतला अख्खा डीएनए, एकदम दुप्पट झाला. ए, बी, सी, डी अशी नावं असलेल्या चार समूहांचे आठ झाले. नंतर गळती सुरू झाली. झेब्राफिशमध्ये ‘डी’ समूहाच्या दुसऱ्या प्रतीतली सगळी हॉक्स जनुकं गेली. मात्र त्या जागी एक चिमुकलं मायक्रोआरएनए जनुक (इतर जनुकांवर लगाम ठेवणारं) अजून टिकून आहे. घर पडलं तरी जोतं राहावं, तसं. फुगू आणि मेडाका या माशांतही समूह सातच, पण तिथे ‘डी’ची दुसरी प्रत शाबूत आहे आणि ‘सी’ची गेली आहे. सात दोन्हीकडे आहेत, पण तेच सात नाहीत.

आता गार हा मासा पाहा. दुपटीच्या आधीच त्याची शाखा वेगळी झाली, म्हणून त्याच्याकडे किती समूह असायला हवेत? चार. आणि चारच सापडले. सामन माशांच्या पूर्वजात जीनोम आणखी एकदा दुप्पट झाला, त्यामुळे तिथे जास्तीत जास्त सोळा असू शकतात. अटलांटिक सामनमध्ये 13 आहेत. कोण कधी वेगळं झालं आणि कुणाचं काय गळालं, हे वंशवृक्षाशी असं जुळतं. मेसेज लिहिणाऱ्यानं जो आकडा उत्क्रांतीविरुद्ध वापरला, तोच तिच्या बाजूनं साक्ष देतो.

जादा प्रती निरुपयोगी, हेही पटण्यासारखं नाही. बऱ्याच गळतात हे खरं, पण ज्या टिकतात त्या अनेकदा काम वाटून घेतात. एनग्रेल्ड-1 हे हॉक्सबाहेरचं जनुक घ्या. उंदरात ते एकच आहे आणि पायाच्या अंकुरातही चालतं, मज्जासंस्थेच्या काही पेशींतही. झेब्राफिशमध्ये त्याच्या दोन प्रती आहेत. एक छातीच्या पराच्या अंकुरात दिसते, दुसरी त्या चेतापेशींत. दोन सुना घरात आल्यावर एकीकडे स्वयंपाक आणि दुसरीकडे शेत जावं, तशी ही विभागणी. आता एक प्रत गेली तर दुसरीला तिचं काम सांभाळता येत नाही, म्हणून दोन्ही टिकतात.

आता ‘कुणी पाहिलंय’ याबद्दल. मत्स्यबीज केंद्रांत नुकत्याच फळलेल्या अंड्यांना तापमानाचा किंवा दाबाचा धक्का देतात. गुणसूत्रांचा एक अख्खा संच जादा राहतो आणि तसे मासे जगतात, वाढतात. आपल्या द्राक्षाचा जीनोम 2007 साली वाचला गेला, त्यातही पुरातन काळी तिप्पट झाल्याच्या खुणा सापडल्या.

नाशिकच्या मासळी बाजारात रोहू आणि कॉमन कार्प शेजारीशेजारी मांडलेले असतात. दोघेही एकाच कुळातले. रोहूत गुणसूत्रांच्या 25 जोड्या, झेब्राफिशमध्येही 25. कॉमन कार्पमध्ये मात्र 50. सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी दोन जातींच्या संकरातून त्याच्या पूर्वजाकडे दोन्ही जीनोम आले आणि दोन्ही राहिले. ज्या मुलांनी मेसेज पुढे पाठवला, त्यांना या दोन माशांच्या गुणसूत्रांची चित्रं देणार आहे. जोड्या त्यांनीच मोजायच्या.