रीत कुठे आहे?

आज पालकसभेत पुन्हा तेच ऐकलं. ‘हुशार आहे हो, पण आळशी आहे.’ दुपारपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

माझ्या मुलाला डिस्ग्राफिया आहे, म्हणजे डोक्यातलं कागदावर उतरवण्याची अडचण. लिहायला बसला की डोक्यातलं निम्मं वाटेतच सांडतं. मागच्या पेपरात २५ गुणिले १६ होतं. मला तोंडी म्हणाला, ‘आई, चार चोक सोळा. पंचवीस चोक शंभर. असे चार शंभर.’ दोन सेकंदही लागले नाहीत. पेपरात मात्र नुसतं ‘४०’, एक शून्य राहिलेलं, आणि शेजारी लाल शेरा: रीत कुठे आहे?

अहो, रीत त्याच्या डोक्यात आहे! संख्या फोडून सोयीची करून घेतली त्याने. यालाच विचार करणं म्हणतात ना?

अशा मुलांची हुशारी अडचण झाकते आणि अडचण हुशारी झाकते. मूल दिसतं ‘साधारण’. मग ना मदत, ना डोक्याला खुराक. बुद्ध्यांक चाचणीतही तेच. तर्कात वरचे गुण, कामाच्या वेगात तळाचे, गोळाबेरीज केली की मधलाच आकडा. त्या आकड्यात माझं पोर कुठेच नाही.

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी १४ वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं होतं. गणित चांगलं, पण वाचता येत नाही. त्याचे मास्तर म्हणत, सगळं शिक्षण तोंडी असतं तर हाच शाळेत सगळ्यात हुशार ठरला असता. त्या मास्तरांना तेव्हा दिसलं, आणि आपण अजून ‘आळशी’वर अडलोय!

मान्य, वर्गात एवढी मुलं, बाई कुणाकुणाकडे बघणार. पण एक गणित तोंडी विचारून बघायला कितीसा वेळ लागतो? जादा तासालाही त्याच्या वाट्याला अक्षर गिरवायच्या वह्याच. गिरवू दे, हात सुधारेल. पण कोडी, तर्क, ‘असं का?’ हे त्याला कोण देणार?

खरं सांगू, बाईंवर चिडायचा मला तरी काय हक्क? तिसरीत मीच त्याला एक पान दहा वेळा लिहायला लावलं होतं. पेन्सिल दाबून बोटांची टोकं पांढरी पडली होती, आणि मी म्हणत होते, ‘लक्ष देऊन लिही.’

आज घरी आल्यावर तो पेपर पुन्हा काढला. म्हटलं, तू सांग, मी लिहिते. तीन ओळींत रीत झाली. कागदाकडे बघत म्हणाला, ‘एवढीच होती?’

उद्या तोच कागद घेऊन बाईंकडे जाणार आहे.