चिलखत पुढच्या भागात

आमच्या टीव्हीशेजारी शेवेचा एक रिकामा डबा ठेवलेला असतो. झाकणाला सुरीनं फट पाडलेली. माझ्या तोंडून ‘पण पुस्तकात’ एवढं निघालं की मी त्यात दहा रुपये टाकायचे. कायदा बायकोचा, त्यावर अपील नाही.

मूळ दोष एका रद्दीवाल्याचा. कॉलेजात असताना त्याच्याकडून मी वीस रुपयांना रॉबर्ट हाइनलाइनची ‘स्टारशिप ट्रूपर्स’ उचलली. कादंबरी १९५९ची. तिच्यातलं पायदळ चालत जात नाही. एकेका जवानाला कॅप्सूलमध्ये बंद करतात आणि जहाजातून काडतुसासारखं खालच्या ग्रहावर झाडतात. कॅप्सूलचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे हवेतच सुटत जातात आणि आतून निघतं ते चिलखत.

या चिलखतासाठीच मी पुढची पंचवीस वर्षं ती कादंबरी चार घरं बदलताना सोबत वागवली. ते अंगात घालायचं यंत्र आहे. आतून शेकडो ठिकाणी दाब ओळखणारी बटणं. तुम्ही हात उचललात की ते हात उचलतं, फक्त कैक पटींच्या ताकदीनं. उडी मारलीत की इमारत ओलांडून पलीकडे. हाइनलाइननं त्याला पोलादी गोरिलाची उपमा दिली आहे. होस्टेलच्या खाटेवर पडल्या पडल्या मी ते चिलखत घालून मेसपर्यंत किती वेळा उडी मारली असेल, त्याची गणती नाही.

सिनेमा १९९७ सालीच आला होता, पण आधी पुस्तक पुन्हा वाचू मग बघू, या तत्त्वापायी राहून गेला. यंदा योग आला तो माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्यामुळे. अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, मुक्काम साताऱ्याजवळ. गुडघ्याची वाटी बदलून ते दीड महिना आमच्याकडे होते. दिवसातून दोनदा व्यायाम, उरलेला वेळ टीव्ही. सासू-सुनांच्या मालिकांना ते दोन दिवसांत कंटाळले. म्हणाले, “पाव्हणं, काय तरी मारामारीचं लावा.”

मी म्हटलं, “अण्णा, असा सिनेमा लावतो की बघाल. पायदळाचा आहे. आणि त्यात एक चिलखत आहे...” चिलखताचं वर्णन करता करता चहा गार झाला.

सिनेमा सुरू झाला. नायक जॉनी रिको पडद्यावर आला, गोरापान आणि निळ्या डोळ्यांचा. तो सैन्यात भरती व्हायला जातो. टेबलामागचा सार्जंट सांगतो की पायदळानंच मला आज जो आहे तो माणूस बनवलं, आणि मागे सरकतो तर त्याला पाय नाहीत. चिरंजीव हसले. मी बोललोच, “पण पुस्तकात तो सार्जंट मुद्दाम तसा बसतो. कच्च्या मनाच्या पोरांनी घाबरून परत जावं म्हणून. ड्युटी संपल्यावर कृत्रिम पाय लावून टुणटुणीत चालत घरी जातो.” पहिले दहा रुपये.

अण्णा मात्र स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. “हुशार माणूस हाय,” एवढंच म्हणाले.

मग प्रशिक्षण. सार्जंट झिम आला तसे अण्णा एकदम सरसावून बसले. “उस्ताद!” म्हणाले, जुना नातेवाईक स्टेशनावर दिसावा तसे. एक रंगरूट झिमला विचारतो, बटण दाबून लढाई होते तर चाकू फेकायला कशाला शिकायचं? झिम त्याला हात भिंतीवर ठेवायला लावतो आणि चाकू फेकून तळहात भिंतीला खिळतो. आता दाब बटण.

“पण पुस्तकात,” मी दहाची नोट आधीच हातात घेतली होती, “झिम चाकू मारत नाही. शांतपणे समजावतो. लहान मूल चुकलं तर त्याला शिकवायला आपण त्याची मान उडवतो का, असं विचारतो. किती आणि कशासाठी मारायचं हे सरकार ठरवतं, जवान नाही, असं सगळं.”

“समजावतो? उस्ताद?” अण्णांनी माझ्याकडे वळून बघितलं. “मग पुस्तकच खोटं हाय.”

आणि मग तो आंघोळीचा प्रसंग आला. पुरुष आणि बायका, सगळी पलटण एकाच न्हाणीघरात, एकाही अंगावर धागा नाही, सगळे गप्पा मारत साबण लावतायत. खोलीत मी, बायको, सतरा वर्षांचा मुलगा आणि सासरे. आमच्या रिमोटच्या बॅटऱ्या रबर बँडनं धरलेल्या आहेत, तो मांडीवर आपटल्याशिवाय चालत नाही. मी आपटला. आवाज वाढला. पुन्हा आपटला. बायको स्वयंपाकघरात दूध बघायला गेली. दूध तेव्हा फ्रिजमध्ये होतं. मुलानं मोबाइलमध्ये इतकं डोकं घातलं की फक्त मान दिसत होती.

अण्णा टक लावून बघत होते. शेवटी म्हणाले, “पाणी बघा की वो किती चाललंय. धा मिन्टं झाली, एकबी नळ बंद करीना. आमच्याकडं अर्ध्या बादलीत माणूस आणि बनियन दोन्ही व्हायचं.”

सिनेमात शत्रू, म्हणजे परग्रहावरचे अवाढव्य किडे, आले तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. किडे अप्रतिम आहेत, ते फिल टिपेट यांचं काम, त्यात खोट काढायला जागा नाही. पण पायदळ उतरलं ते साध्या हेल्मेटात. हातात बंदूक, अंगात छाती झाकणारं काहीतरी, आणि हजारोंच्या घोळक्यानं सरळ पळत सुटले.

“अंतर! अंतर ठिवा!” अण्णा ओरडले. “ह्ये काय जत्रंला चाललेत का? तोफखाना कुटं हाय ह्यांचा? रणगाडं? आन पाव्हणं, तुमचं चिलखत?”

“येईल,” मी म्हटलं. दोन तास मी ‘येईल’ म्हणत होतो. डिझी नावाची मुलगी रिकोसाठी जीव टाकते आणि त्याच्या मिठीत मरते तेव्हा बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. नेमकं तेव्हाच मी सांगितलं की पुस्तकात हा डिझी फ्लोरेस पुरुष आहे आणि पहिल्याच प्रकरणात संपतो. त्या रात्रीचा एकूण दंड तीस रुपये झाला. काळा लांब कोट घालून रिकोचा मित्र कार्ल आला, त्याला अण्णांनी “हा टीशी कुटनं आला?” असं विचारलं. किड्यांचा मेंदू पकडला, लोक नाचले, सिनेमा संपला. चिलखत आलंच नाही.

मला झोप लागेना, म्हणून त्याचा शोध घेत बसलो. दिग्दर्शक पॉल व्हरहोवनचं बालपण जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये गेलेलं. कादंबरी त्यानं दोन-तीन प्रकरणांत कंटाळून ठेवून दिली, हे त्यानंच सांगितलंय. पुस्तकात हाइनलाइन गंभीरपणे म्हणतो की ज्यानं सेवा केली त्यालाच मत. व्हरहोवननं त्याचीच नक्कल करून हुकूमशाहीची टर उडवली, आणि ती इतक्या सरळ चेहऱ्यानं की तेव्हाच्या बऱ्याच समीक्षकांना तो सिनेमाच फॅसिस्ट वाटला. हे मला पटलंही. पण टर उडवायला चिलखत कशाला काढून घ्यायचं? म्हणे खर्चात बसेना. १० कोटी डॉलरच्या आसपास खर्च झालेला सिनेमा, आणि जवानाला धड अंगरखा नाही.

सकाळी नाश्त्याला मी जाहीर केलं, “चिलखत पुढच्या भागात आहे.”

पुढचा भाग २००४चा. किडे घडवणाऱ्या टिपेटनंच तो दिग्दर्शित केलाय आणि पैसे बेतानंच मिळालेले दिसतात, कारण जवळजवळ सगळा सिनेमा एका ठाण्यात अंधारात घडतो. अण्णांनी दोनदा विचारलं की लाईट गेली का. किडे माणसांच्या आत शिरतात, रिको नाही, चिलखत नाही. बायकोनं राजीनामा दिला. तिसरा भाग २००८चा. त्यात सर्वोच्च सेनापती हाच लोकप्रिय गायक आहे आणि ‘मरायला आज चांगला दिवस आहे’ अशा अर्थाचं गाणं म्हणतो. “गानारा जनरल?” असं म्हणून अण्णा कुशीवर वळले. चिलखत आलं, खरंच आलं, पण ते अगदी शेवटाला. तोवर खोलीत मी जागा होतो आणि अण्णांचं घोरणं.

चिरंजीवांनी तर पहिल्याच रात्री निकाल दिला होता. “बाबा, हा पिक्चर आमच्या हेलडायव्हर्स टूची कॉपी आहे.” गेम २०२४चा, सिनेमा १९९७चा, पुस्तक १९५९चं. मी कालानुक्रम समजावायला घेतला तर तो हेडफोन लावून बसला. शेवटी जपान्यांनी माझी थोडी लाज राखली. तिकडच्या १९७७च्या आवृत्तीसाठी स्टुडिओ नुएच्या चित्रकारांनी चिलखताची चित्रं काढली, त्या चित्रांचा प्रभाव दोन वर्षांनी आलेल्या ‘गंडम’ या राक्षसी यंत्रमानवांच्या कार्टून मालिकेवर पडला आणि १९८८ साली सहा भागांची अ‍ॅनिमेशन मालिकाही निघाली, चिलखतासकट. ‘गंडम’ म्हटल्यावर मुलानं एका कानावरचा हेडफोन काढला. एकच, पण काढला. १९९९ची अमेरिकन कार्टून मालिका मी त्याच्या भरवशावर सुरू केली. ती भन्नाट निघाली आणि ऐन रंगात आल्यावर शेवटाविनाच बंद पडली. शेवटचे भाग त्यांनी बनवलेच नव्हते. तेव्हापासून तो काढलेला हेडफोनही परत कानावर गेला.

आता घरात उरलो मी आणि अण्णा, आणि अण्णांना तरी कुठे पळता येत होतं? एका संध्याकाळी लाईट खरोखरच गेली. मेणबत्तीच्या उजेडात ते म्हणाले, “त्ये पुस्तकच सांगा की मग. बघू तरी.”

म्हणून मी सांगायला लागलो. इंग्रजी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. पहिल्याच प्रकरणात रिको एक बाँब टाकतो तो शत्रूच्याच भाषेत ओरडतो, की मी तीस सेकंदांचा बाँब आहे, एकोणतीस, अठ्ठावीस... मी तो साताऱ्याच्या बोलीत ओरडलो. “म्या तीस शेकंदांचा बाँब हाय! येकोणतीस!” अण्णा इतके हसले की गुडघ्याला बर्फ लावावा लागला.

पुढे वर्गातली व्याख्यानं आली. कुत्र्याच्या पिल्लाला शिस्त कशी लावावी यावरून समाजाला शिक्षा का हवी इथपर्यंत मास्तर पानंच्या पानं बोलतो. ही कादंबरी मुलांसाठी म्हणून लिहिलेली, नेहमीच्या प्रकाशकानं नाकारली, दुसऱ्यानं छापली आणि विज्ञानकथांसाठीचा १९६०चा ह्यूगो पुरस्कार घेऊन गेली. हे सगळं मी अण्णांना सांगितलं आणि व्याख्यानं मात्र गाळली. हळूच. दोन पानं एकदम उलटून.

या पायदळात सगळे उतरतात आणि सगळे लढतात, पाद्रीसुद्धा आणि स्वयंपाकीसुद्धा, हे ऐकल्यावर अण्णांनी मला थांबवलं. “लंगरी पन?”

“लंगरी पण.”

“आमच्या लंगऱ्याला उतरवायची गरजच नव्हती. त्याच्या चपात्या टाकल्या असत्या तरी दुश्मन सरेंडर.” थोड्या वेळानं विचारलं, “ल्हिणारा कुठल्या पलटणीतला?”

“नौदलातला. क्षय झाला म्हणून १९३४ साली सक्तीनं निवृत्त केला.”

“नेव्ही! म्हणूनच पायदळाचं येवढं कवतिक.”

शेवटाकडे कळतं की रिको फिलिपिनो आहे, घरी टागालोग बोलतो. आपल्या वीराचं नाव जहाजाला द्यावं असं त्याला वाटतं, आणि तो वीर म्हणजे रामोन मॅगसेसे. अण्णांना मॅगसेसे माहीत होते. म्हणाले, “त्ये विनोबांना मिळालेलं बक्षीस?” तेच. १९५८ साली, कादंबरीच्या एक वर्ष आधी, आपल्या गागोद्याच्या विनोबांना. इतक्या बंदुका झाडणाऱ्या पुस्तकाचं आणि विनोबांचं असं आडवळणाचं नातं निघेल, हे मला पंचवीस वर्षांत सुचलं नव्हतं.

शेवटच्या पानांत रिकोचा बाप त्याच्याच तुकडीत सार्जंट होऊन येतो. पोरगा अधिकारी. इथे मी नेहमीप्रमाणे रंगवून सांगत होतो, तर अण्णा खिडकीबाहेर बघायला लागले.

“बाप पोराला साहेब म्हनतो?”

“हो.”

“म्हननारच. हुद्दा हाय.” मग बराच वेळ गेला. “पन घरी गेल्यावर?”

घरी गेल्यावरचं पुस्तकात नाही. मी सांगितलं की घरी गेल्यावर पोरगा बापाच्या पाया पडतो. पान मिटलं. बायको दारात उभी राहून ऐकत होती, तिनं डब्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. यासाठी कलम नव्हतं.

गेल्या रविवारी अण्णांचा गावाहून फोन आला. गुडघा पळतोय, पारापर्यंत रोज चालत जातात. “पाव्हणं, तुमचं ते पुस्तक सांगतोय पोरांना. सा-सात जन असत्यात रोज.”

“कुठपर्यंत आलं?”

“किड्यांच्या गावात उतरलेत. पयल्यांदा तोफखान्यानं दोन तास झोडपलं, मग पायदळ सोडलं.”

“तोफखाना?”

“घातला मी. त्याबिगर शोभत न्हाई. आन ती रिकोची आई बाँबात मेलेली, ती बी ठिवली जिती. उगं कशाला मारायची? लाडू पाठवती ती जहाजावर.”

“अण्णा, चिलखत आहे ना पण?”

“हाय की. पन त्ये आता पुढच्या भागात.”

माझ्या तोंडून ‘पण पुस्तकात...’ निघालंच. सोफ्याच्या दुसऱ्या टोकावरून, मान वर न करता, बायकोनं डबा माझ्याकडे सरकवला.