विलर्डबाई आणि आयडाबाई

फ्रान्सिस विलर्ड हे नाव मला पंडिता रमाबाईंमुळे कळलं. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई 1886 साली फिलाडेल्फियाला गेल्या आणि 1888 पर्यंत अमेरिकेत राहिल्या. परत आल्यावर त्यांचं 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' निघालं. तिथल्या बायकांच्या संघटना बघून त्या किती हरखल्या होत्या ते त्यात पानोपानी दिसतं. विलर्डबाईंची दारूबंदीची संघटना त्यातलीच एक. दारुड्या नवऱ्याच्या बायकोची बाजू घेता घेता त्यांनी मताचा हक्कही मागितला. मला विलर्डबाई फार आवडायच्या. अजूनही आवडतात, पण पूर्वीसारख्या नाही.

त्याला कारण आयडा बी. वेल्स, अमेरिकेतल्याच एक कृष्णवर्णीय पत्रकार.

आयडाबाई 1862 साली मिसिसिपीत गुलामगिरीत जन्मल्या. सोळाव्या वर्षी पिवळ्या तापाच्या साथीत आईवडील गेले, मग शिक्षिकेची नोकरी करून त्यांनी भावंडं वाढवली. विशीत असताना रेल्वेच्या कंडक्टरने त्यांना बायकांच्या डब्यातून उठवायला हात धरला, तर त्या त्याला कडकडून चावल्या! वर कंपनीवर खटला भरून 500 डॉलर जिंकल्या. वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, ती गोष्ट वेगळी.

1892 मध्ये मेम्फिसला त्यांचा मित्र टॉमस मॉस आणि त्याचे दोन साथीदार झुंडबळी ठरले. त्यांचा गुन्हा काय, तर त्यांचं किराणा दुकान चांगलं चालायचं आणि समोरच्या गोऱ्या दुकानदाराला ते खुपत होतं. तेव्हापासून आयडाबाई अशा हत्यांच्या मागे लागल्या. 'गोऱ्या बाईवर बलात्कार' हे ठरलेलं कारण सांगितलं जायचं. त्यांनी तपासलं तर जेमतेम एक तृतीयांश प्रकरणांत तसा नुसता आरोप तरी होता. आणि आकडे कुठले? गोऱ्यांच्याच वृत्तपत्रांतले, म्हणजे कुणाला खोटं म्हणायची सोय नाही. (हे मला सगळ्यात भारी वाटतं.) त्या गावाबाहेर असताना त्यांच्या वृत्तपत्राची कचेरी फोडली गेली.

आता विलर्डबाईंकडे. 1890 च्या एका मुलाखतीत त्या म्हणाल्या होत्या की काळे लोक टोळधाडीसारखे वाढतात, दारूचा गुत्ता हे त्यांच्या ताकदीचं केंद्र आहे आणि अमेरिकेच्या दक्षिणेत बायका सुरक्षित नाहीत. म्हणजे झुंडीला हवी असलेली सबब आयतीच हातात. 1894 मध्ये विलर्डबाई इंग्लंडमध्ये असतानाच आयडाबाईंनी ती मुलाखत तिथे छापवून आणली. मोठी खळबळ उडाली. गुलामगिरीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या घरातली ही बाई, पण तिने चूक सरळ कबूल केली नाही, उलट आयडाबाईंनाच दोष दिला.

यावर लगेच कुणीतरी म्हणेल, 'त्या काळाच्या चष्म्यातून बघा.' अहो, आयडाबाई कुठल्या काळातल्या? काळ तोच, देश तोच, आणि खरं काय ते छापून हातात ठेवलेलं.

1913 ला वॉशिंग्टनमध्ये मताच्या हक्कासाठी मोर्चा निघाला. दक्षिणेतल्या बायका नाराज होतील म्हणून आयडाबाईंना इलिनॉय राज्याच्या तुकडीतून काढून मागे कृष्णवर्णीय बायकांबरोबर चालायला सांगितलं. त्या बघ्यांच्या गर्दीत जाऊन उभ्या राहिल्या. इलिनॉयची तुकडी समोर आली, तशा शांतपणे आत शिरल्या आणि दोन गोऱ्या मैत्रिणींच्या मधोमध चालू लागल्या.

झुंडहत्येविरुद्ध केंद्राने कायदा करावा, हे सांगायला त्या 1898 मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यापर्यंत गेल्या होत्या. तो कायदा झाला मार्च 2022 मध्ये.