परवान्याच्या परीक्षेतला कायद्याचा पेपर दुय्यम मानू नका

कॅलिफोर्नियात जनरल बिल्डिंग कंत्राटदाराच्या, म्हणजे ‘क्लास बी’च्या परवान्यासाठी तयारी करणाऱ्या मराठी मुलामुलींचे फोन मला अलीकडे वरचेवर येतात. बहुतेक जण सिव्हिलचे पदवीधर किंवा पदविकाधारक असतात, इथल्या साइटवर त्यांनी काही वर्षे काढलेली असतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्रश्नसंच कोणता घ्यावा? तोच प्रश्न मीही विचारला होता. एका शिकवणीचा जाडजूड प्रश्नसंच विकत घेऊन तो मी जवळजवळ पाठ केला आणि दोन पेपरांपैकी बांधकामाच्या पेपरात पास होऊन ‘लॉ अँड बिझनेस’च्या पेपरात नापास झाले. बांधकामाचा पेपर सुटला तो हाताला असलेल्या सवयीमुळे. कायद्याच्या पेपरात प्रश्नांची मांडणी जराशी बदललेली होती आणि पाठ केलेली उत्तरे एकमेकांत मिसळून गेली.

अकोल्यात पदविका घेतलेल्या, फ्रेमिंगपासून टाइलपर्यंत सगळी कामे पाहिलेल्या मला तेव्हा वाटत होते की खरी परीक्षा बांधकामाची आणि कायद्याचा पेपर ही एक औपचारिकता आहे. आज माझे मत नेमके उलटे आहे. भिंत ओळंब्यात कशी उभी करायची हे मिस्त्रीही जाणतो. दुसऱ्याचे पैसे, दुसऱ्याचे घर आणि दुसऱ्याचा जीव आपल्या हाती असताना कसे वागायचे, हे जाणणाऱ्याला परवाना द्यायचा, असा या परीक्षेचा हेतू आहे.

साधे उदाहरण घ्या. राहत्या घराच्या दुरुस्तीचे किंवा नूतनीकरणाचे काम असेल, तर कंत्राटदाराला सुरुवातीची उचल एकूण रकमेच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच घेता येते. विशेष बॉण्ड, म्हणजे ठरावीक रकमेची हमी, भरलेल्यांचा अपवाद सोडला, तर ६०,००० डॉलरच्या स्वयंपाकघरालाही उचल १,००० डॉलरच. पुढचे हप्तेसुद्धा झालेल्या कामापेक्षा आणि साइटवर आलेल्या मालापेक्षा जास्त घेता येत नाहीत. आपल्याकडे मोठी उचल घेऊन आधीच्या गिऱ्हाइकाचे अर्धवट काम त्या पैशांतून पुरे करणारे कंत्राटदार आपण सगळ्यांनी पाहिले आहेत, त्यामुळे हा नियम कशासाठी आहे हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. असा नियम एकदा कारणासकट समजला की तो पाठ करावा लागत नाही.

माझी सगळ्यात मोठी अडचण होती ती ‘मेकॅनिक्स लिअन’ची. आपल्या भाषेत सांगायचे तर कामाचे पैसे थकले म्हणून त्या मालमत्तेवर बोजा चढवण्याचा हा हक्क आहे. सब-कंत्राटदाराने किंवा माल पुरवणाऱ्याने काम सुरू केल्यापासून २० दिवसांच्या आत प्रिलिमिनरी नोटीस, म्हणजे आपला हा हक्क राखून ठेवणारी पूर्वसूचना, द्यायची. काम पूर्ण झाल्यावर ९० दिवसांच्या आत लिअन नोंदवायचा. पण मालकाने काम पूर्ण झाल्याची नोटीस रीतसर नोंदवली असेल, तर हीच मुदत मुख्य कंत्राटदारासाठी ६० आणि इतरांसाठी ३० दिवसांवर येते. आणि लिअन नोंदवल्यावर ९० दिवसांत दावा दाखल केला नाही, तर तो लिअन बजावता येत नाही. हे आकडे मी नुसते घोकले होते आणि परीक्षेत ६० कोणाचे, ३० कोणाचे, यातच अडकले. दुसऱ्या खेपेला मी एका लांब कागदावर काल्पनिक घर, त्याचा मालक, कर्ज देणारी बँक, प्लंबर आणि लाकूड पुरवणारा दुकानदार अशी माणसे मांडली, प्रत्येकाला तारखा दिल्या आणि कोणाचे पैसे कधी बुडतील ते स्वतः काढत गेले. चार संध्याकाळी गेल्या, पण त्यानंतर हा विषय कधी विसरले नाही.

परवान्यासाठी द्याव्या लागणाऱ्या बॉण्डबद्दलही गैरसमज सर्रास आढळतो. जानेवारी २०२३ पासून तो २५,००० डॉलरचा आहे, आधी १५,००० चा होता. हा आपला विमा आहे असे समजून अनेक जण निर्धास्त असतात. प्रत्यक्षात तो गिऱ्हाईक आणि कामगार यांच्या संरक्षणासाठी असतो, आणि बॉण्ड कंपनीने कोणाला पैसे दिलेच तर ती ते आपल्याकडून वसूल करते.

बांधकामाच्या पेपराविषयी थोडेच सांगते. भारतात शिकलेल्यांनी आधी मापे बदलावीत. २४ फूट बाय २४ फूट आणि ४ इंच जाडीचा स्लॅब म्हटला की माझ्या डोक्यात आपोआप १९२ घनफूट, म्हणजे दोन ब्रासला जरा कमी, असा हिशेब येई. इथे २७ ने भागून ७.१ क्युबिक यार्ड म्हणावे लागते आणि वाया जाणारा माल वर धरावा लागतो. हे भाषांतर परीक्षेत वेळ खाते, म्हणून रोजच्या कामातच यार्डात विचार करण्याची सवय लावून घ्यावी.

सुरक्षेचा भाग मात्र घाईने उरकू नका. ५ फूट किंवा त्याहून खोल चरात, अखंड कठीण खडक नसेल तर, माती ढासळू नये अशी सोय केल्याशिवाय माणूस उतरवता येत नाही. उघड्यावरच्या कामात तापमान ८० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण २७ सेल्सियसच्या वर गेले की सावलीची सोय हजर हवी आणि प्रत्येक कामगाराला तासाला एक क्वार्ट, म्हणजे लिटरला थोडे कमी, पाणी मिळेल इतका साठा हवा. उन्हाच्या त्रासाविरुद्ध असा नियम २००५ मध्ये अमेरिकेत सर्वांत आधी याच राज्याने केला. हे वाचताना मला अकोल्याच्या मे महिन्यात सेंटरिंगच्या तापलेल्या पत्र्यावर सळ्या बांधणारी माणसे आठवली आणि तो नियम मी केवळ परीक्षेपुरता वाचू शकले नाही.

अनुभवाच्या दाखल्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. गेल्या १० वर्षांतला किमान ४ वर्षांचा कुशल कारागिराच्या पातळीचा अनुभव लागतो. शिक्षणाबद्दल जास्तीत जास्त ३ वर्षांची सूट मिळू शकते, पण एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे असावेच लागते. “ताई, तुम्ही सही कराल का?” असे ज्यांच्याबरोबर मी एक दिवसही काम केलेले नाही अशी मंडळी विचारतात. ती सही खोट्या साक्षीच्या गुन्ह्याची जोखीम पत्करून करायची असते आणि आपण ते काम स्वतः पाहिले आहे असा तिचा अर्थ असतो. मी ती करणार नाही, कृपया विचारू नये.

महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागाची कामे घेणाऱ्यांची वर्गवार नोंदणी होते, पण एखाद्याचे खासगी घर बांधून देणाऱ्याला कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. महारेराने २०२३ मध्ये फ्लॅट विकणाऱ्या एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, हे चांगलेच झाले. पण विकणाऱ्याची परीक्षा घ्यायची आणि बांधणाऱ्याची घ्यायची नाही, हे मला पटत नाही. आयुष्यभराची पुंजी घालून गावी घर बांधणाऱ्या माझ्या मामांना त्यांच्या कंत्राटदाराने लेखी करारसुद्धा दिला नव्हता.

अर्ज मंजूर झाल्यावर दोन्ही पेपर पास होण्यासाठी १८ महिने मिळतात, म्हणून नोकरी सांभाळूनही शांतपणे अभ्यास करता येतो. परवाना मंडळ प्रत्येक पेपराची अभ्यासक्रम-पुस्तिका विनामूल्य देते. तिच्यापासून सुरुवात करा आणि प्रश्नसंच अगदी शेवटी, स्वतःला तपासण्यापुरता वापरा. माझ्याकडे पूर्ण झालेल्या काही घरांच्या नकाशांचे जुने संच आहेत, त्यांवरची नावे-पत्ते मी काढून टाकले आहेत. ज्यांना नकाशा वाचायचा आणि त्यावरून एस्टिमेट काढायचा सराव हवा असेल त्यांनी ते घेऊन जावेत. लिअनचा तो लांब कागदही त्यांतच गुंडाळून ठेवला आहे.